सशानं खाऊकडे पाठ फिरवली की मी काय काय तपासते

"ताई, फार नखरे करतो हो आमचा ससा. गाजर आणलं, सफरचंद आणलं, वास घेतो आणि निघून जातो. आता काय आणू?"

साताऱ्यात आमच्या घरी सध्या दोन ससे आहेत, आधी तीन होऊन गेले. त्यामुळे गल्लीतल्या आणि ओळखीपाळखीच्या ससेवाल्यांचा हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी काहीही आणू नका. ससा खाऊ नाकारतो त्याला बहुतेक वेळा कारण असतं आणि ते बहुधा खाऊमध्ये नसतं. ते सापडलं की दारातल्या कोथिंबिरीचं देठही पुरतं, सापडलं नाही तर महागातलं पाकीटही तसंच पडून राहतं.

आणि खाऊ हवाच कशाला, असं घरातली मोठी माणसं विचारतात, म्हणून तेही सांगते. ससा खाऊसाठी हातावर येत असेल तर त्याला तोलता येतं, तोंड बघता येतं, टोपलीत बसवता येतं, वेळ पडली तर औषध देता येतं. शिवाय रोज धावत येणारा ससा एक दिवस आला नाही, तर आजाराची पहिली खूण तीच असते.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय घडतंय ते आधी ठरवा.

पहिलं: खाऊचा वास घेतो, मिशा हलवतो, तोंड वळवतो. पण गवत नीट खातो, लेंड्या भरपूर पडतात, घरभर पळतो.

दुसरं: एकच गोष्ट खातो, केळं नाहीतर बिस्किट, बाकी कशाला तोंड लावत नाही.

तिसरं: काल जे झपाटून खाल्लं त्याच्याकडे आज बघत नाही.

चौथं: उत्साहानं येतो, तोंडात घेतो, एकदोनदा चावतो आणि खाली पाडतो. हनुवटी किंवा पुढच्या पायांची आतली बाजू ओली, चिकट दिसते.

पाचवं: काहीच खात नाही. अंग आक्रसून कोपऱ्यात बसलाय, डोळे अर्धवट मिटलेले, दात मोठ्यानं करकर वाजवतो, लेंड्या नाहीत किंवा अगदी बारीक, मिरीएवढ्या.

पहिली तीन लक्षणं घरी सोडवायची. चौथं दिसलं तर आजउद्यात डॉक्टर. पाचवं दिसत असेल तर पुढचं वाचू नका, फोन उचला. सशाला उलटी होत नाही. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. दहाबारा तास पोटात काही गेलं नाही आणि लेंड्या थांबल्या की आतडी थंडावतात, वायू धरतो आणि जिवावर बेततं. "उद्या सकाळी बघू" म्हणण्यासारखं ते दुखणं नाही.

आधी लेंड्या बघा

याला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटांत होतं. चांगल्या लेंड्या वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या असतात. बोटांत चुरडल्या तर आत भुसा दिसतो. लहानमोठ्या, वाकड्या किंवा केसांनी माळेसारख्या ओवलेल्या असतील तर गवत कमी पडतंय. केसांच्या माळा दिसल्या तर रोज विंचरायलाही लागा, केस गळायच्या दिवसांत तो स्वतःला चाटून पुष्कळ केस गिळतो.

दुसऱ्या प्रकारच्या लेंड्या मऊ, चकचकीत, लहानशा द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या असतात. त्या रात्री किंवा पहाटे ससा स्वतःच थेट तोंडानं खातो. ते घाण नाही, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पण ते घड सकाळी पिंजऱ्यात तसेच पडलेले दिसले तर समजा, गोड किंवा पिठूळ काहीतरी जास्त होतंय आणि पोट भरलेलं आहे. अशा सशाला खाऊ नकोच असतो. त्याला नवीन चव शोधत बसू नका, जुनं कमी करा.

घरात दुसरं कोण खायला घालतंय?

ही तपासणी अवघड जाते, कारण प्रश्न घरच्यांना विचारावा लागतो.

आमचा कापूस चार दिवस कशालाच हुंगत नव्हता. गवत अर्धं उरायचं, पेलेट, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या, तशीच. मी काळजीनं अर्धी झाले. पाचव्या दिवशी पहाटे पाणी भरायला उठले तर सासरे देवघरासमोर पाटावर बसलेले, शेजारी वाटीत दुधात कुस्करलेली चपाती, आणि कापूस दोन्ही पाय वाटीच्या कडेवर ठेवून मान खाली घालून खातोय. मिशांना दूध लागलेलं. "अगं, बिचारा सकाळी सकाळी माझ्याकडे बघत बसतो," ते म्हणाले. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. मी त्यांच्या हातात चपातीऐवजी हरळीची जुडी दिली. त्या दिवसापासून पहाटेचं गवत त्यांच्याकडे आहे आणि कापूस त्यांच्यापाशीच जास्त बसायचा.

चपाती, भाकरी, भात, बिस्किट, मुरमुरे, शेंगदाणे, दूध यांतलं काही सशाच्या पोटासाठी नाही. त्याचं आंधळं आतडं धाग्यांवर चालतं, तिथले जंतू गवत आंबवतात. पीठ आणि साखर गेली की नको ते जंतू वाढतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींना आणि शेजारच्या मुलांनाही विचारा. रागावू नका, रागावलात तर कोणी खरं सांगणार नाही.

पेलेटचंही तेच. मोठ्या सशाच्या पोटात जाणाऱ्या दहातले आठ घास गवताचे हवेत. मी दोन किलोच्या सशाला दिवसाला साधारण दोन मोठे चमचे पेलेट देते. वाटी भरून ठेवली की तो दिवसभर तेच खातो आणि गवतही सोडतो, खाऊही सोडतो. मक्याचे दाणे आणि रंगीत तुकडे मिसळलेलं खाद्य आणूच नका, त्यातलं गोड तेवढं तो वेचून खातो.

"रानातला ससा काय मागून खातो का," असं म्हणणारे बरेच भेटतात. कासच्या माळावर दिसतो तो रानससा वेगळ्याच जातीचा. तो बीळही करत नाही, उघड्यावर गवतात बसतो. आपल्या घरातला ससा मूळचा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा. रानात पिल्लू दिसलं तर उचलून आणू नका, आई बहुधा जवळपास असते आणि कायद्यानंही ते पाळता येत नाही.

गवत नाकानं तपासा

गवताची पेंढी हातात घ्या आणि खोल वास घ्या. चांगल्या गवताला गोडसर, उन्हाचा वास येतो. कोंदट, ओल्या पोत्यासारखा वास आला तर बुरशी आहे. साताऱ्याच्या पावसात जून ते सप्टेंबर काहीही कोरडं राहत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारी याच महिन्यांतल्या असतात. असं गवत ससा सोडतो ते योग्यच करतो. मग उपाशी पोटी बेचैन होतो, खाऊही नाकारतो, आणि आपण म्हणतो नखरे. गवत मी कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच टांगते. प्लास्टिकमध्ये बांधलं की आत घाम धरतो.

दसऱ्यानंतर डोंगराकडचं वाळलेलं गवत स्वस्तात मिळतं. घ्या, पण त्यात कुसळी आहे का ते बघा. तिची टोकदार कुसळं हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्यात शिरतात. एकदा टोचलं की ससा त्या पेंढीच्या जवळही जात नाही. बांधावरची स्वच्छ हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा, सावलीत वाळवून ठेवली तर फार चांगली. मारवेलही चालतं. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, त्यावर पोट भरत नाही. लसूणघास मोठ्या सशाला रोज देऊ नका, तिच्यात चुना जास्त असतो आणि लघवी घट्ट, पांढरट पडायला लागते. कोवळं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, मुळीच नको. कोवळ्या ज्वारीनं गुरं दगावतात हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

खाऊ कसा देताय?

इथे बरेच प्रश्न सुटतात, आणि तेही फुकटात.

हाताचा वास घ्या. एका मुलीचा ससा तिच्या हातून घ्यायचा आणि तिच्या आईच्या हातून नाही. आईला वाईट वाटायचं, तिला वाटायचं माझ्यावर राग आहे याचा. मी गेले तेव्हा त्या कांदालसूण मसाला करत होत्या. हात धुतले होते, पण बोटांच्या पेरांत लसूण राहिलाच होता. मी त्यांना कोथिंबिरीची दोन पानं दोन्ही हातांत नीट चोळायला सांगितलं आणि पाच मिनिटं जमिनीवर नुसतं बसायला सांगितलं. ससा आला, बोटं हुंगली, मागं सरला, परत आला आणि देठाचं टोक धरून ओढलं. सुगंधी साबण, उदबत्ती, बाम, सॅनिटायझर यांचीही तीच गत.

खाऊ नाकासमोर धरू नका. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला पाठीमागचं दिसतं पण थेट नाकाखालचं दिसत नाही. तिथे तो वास आणि मिशांवर काम चालवतो. समोरून झपकन आलेला हात त्याला झडप वाटतो. बाजूनं, खालून, हळू न्या आणि थांबा. तोंडात कोंबायला जाऊ नका, तो चार दिवस लक्षात ठेवतो.

वेळही बघा. ससा पहाटे आणि दिवेलागणीला जागा असतो. दुपारी दोनला तो झोपलेला असतो, तेव्हा नाकारलेला खाऊ मोजायचाच नाही. एप्रिल-मेमध्ये तर उन्हानं त्याची भूकच मरते. तीस अंशांच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, घाम तर येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तेव्हा चव बदलण्याआधी जागा बदला: फरशी, ओलं पोतं, गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी.

आणि खाऊचं रूप. एकाला ओली पानं आवडतात, दुसऱ्याला ओलं नको असतं. कापलेलं गाजर सोडणारा ससा गाजराचा पाला मात्र ओढून ओढून खातो. पान देण्याआधी बोटांत जरा चुरडा म्हणजे वास सुटतो. फ्रिजमधलं गार कधीच देऊ नका.

आता नवीन चव

इथपर्यंत सगळं बघून झालं असेल तरच. एका वेळी एकच नवीन वस्तू, अंगठ्याच्या नखाएवढी, आणि चोवीस तास लेंड्यांवर लक्ष. दोन नव्या वस्तू एकदम दिल्या आणि पोट बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळत नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवते: "पुदिना, हुंगला, सोडला." "पुदिना, अर्धं पान." एकदा नाकारलं म्हणजे आवडत नाही असं नसतं. अनोळखी वस्तूला ससा घाबरतो. आमच्या चिंगीनं शेपू सहा वेळा सोडला, सातव्यांदा घेतला, आणि आता भाजीच्या पिशवीत शेपू आहे हे तिला दारातच कळतं.

सुरुवात पाल्यापासून करा, फळापासून नको. माझ्या अनुभवात सर्वांत लवकर जमतं ते कोथिंबिरीचं देठ. मग शेपू, पुदिना, तुळशीचं एखादं पान. त्यानंतर जास्वंद. जास्वंदाचं ताजं फूल ससा देठाकडून आत ओढतो आणि लाल पाकळी तोंडात नाहीशी होते, ते बघत राहावंसं वाटतं. तुतीचं पान तर मी न चुकता सुचवते, रेशमाचे किडे पाळणारा कोणी ओळखीचा असेल तर पिशवीभर मिळतं. शेवग्याचा पाला थोडा. पेरूचं कोवळं पान. घरच्या झाडाच्या गुलाबपाकळ्या चालतील, हारवाल्याकडच्या नकोत, त्यांवर औषध मारलेलं असतं.

फळ सगळ्यांत शेवटी. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हंगामात इथे ढीगभर येते आणि प्रत्येकाला वाटतं सशाला द्यावी. द्या, पण नीट धुऊन, एका फळाचा चौथा हिस्सा, आठवड्यातून दोनदा. सफरचंदाच्या बिया काढून. केळ्याची एक पातळ चकती पुरे. दोन किलोच्या सशाला कुठलंही फळ दिवसाला एका छोट्या चमच्यापेक्षा जास्त नको. गाजरही यातच धरा, त्याच्या कंदात साखर असते.

वर सांगितलेलं दुसरं लक्षण, फक्त केळं खाणारा ससा, इथे सुटतो. केळं एकदम तोडू नका. केळ्याचा हात पानाला पुसा आणि ते पान द्या. पानाला केळ्याचा वास असतो, म्हणून तो चाखतो. रोज वास कमी करत न्या. दोन आठवडे लागतात, धीर धरा.

मध आणि दाणे चिकटवलेल्या रंगीत कांड्या, दह्याच्या गोळ्या दुकानात सशाच्या चित्रासकट मिळतात. चित्रावर जाऊ नका. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो, टोमॅटोचा पाला हे कधीच नाही. परसात कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी असेल तर ससा तिथे मोकळा सोडू नका.

वजन

आठवड्यातून एकदा, त्याच वाराला, त्याच वेळी. रिकामी टोपली काट्यावर ठेवून शून्य करा, मग ससा ठेवा. काटा नसेल तर जवळचा किराणावाला देतो, विचारून बघा. ससा केसाळ असतो, वाळला तरी डोळ्याला दिसत नाही. दोन किलोच्या सशाचं दोनशे ग्रॅम उतरणं म्हणजे दहावा हिस्सा गेला. वजन असं सलग उतरत असेल तर खाऊचा प्रश्न संपला, दुखणं शोधायचं.

दात, आणि इथे थांबायचं

सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. गवत चावून चावून ते झिजतात. गवत कमी पडलं की पुढचे दात वेडेवाकडे येतात आणि मागच्या दाढांना टोकं फुटतात. ती टोकं गालात किंवा जिभेत रुततात.

कापूसच्या बाबतीत मी हे ओळखलं नाही. तो स्ट्रॉबेरी तोंडात घेऊन पाडायचा. मला वाटलं आंबट असेल. मग पपई, मग केळं. केळं गिळायचा, म्हणून मी निर्धास्त. हनुवटी ओली होती ती पाण्यानं असेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यंत्रानं तोंडात बघितलं तेव्हा दाढेच्या टोकानं जिभेला जखम झाली होती. तो तीन दिवस भुकेला होता, माझ्याकडे येत होता, घेत होता, आणि त्याला चावता येत नव्हतं. ते मी विसरलेले नाही. म्हणून सांगते: मऊ खातो आणि गवत सोडतो, किंवा घेतो आणि पाडतो, हे दिसलं की घरचे प्रयोग तिथेच बंद करा.

ओठ बाजूला करून पुढचे दात तुम्ही बघू शकता. दाढा घरी दिसत नाहीत, बोट घालू नका. नखं कापायच्या कात्रीनं दात कापू नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. दाढा घासायला भूल लागते, ते डॉक्टरांचंच काम. भूल द्यायच्या आधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, कारण त्याला उलटीच होत नाही. कोणी उपाशी आणा म्हणालं तर पुन्हा विचारून घ्या.

सगळेच पशुवैद्य ससे बघत नाहीत. म्हणून आजच, ससा बरा असताना, जवळच्या दोन दवाखान्यांत फोन करून "ससा तपासता का" एवढं विचारून ठेवा. आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करून ठेवा. जाताना ताज्या लेंड्यांची डबी, तो खातो ते गवत आणि पेलेट, वजनाची नोंद आणि कॅलेंडरचं ते पान बरोबर घ्या. दोघे ससे असतील तर जोडीदारालाही न्या, एकटा घाबरतो.

तोवर घरातली माणसांची गोळी देऊ नका. विशेषतः अ‍ॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे अजिबात नाही, त्यानं सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. पोट ढोलासारखं ताणलेलं लागत असेल तर जबरदस्तीनं काही भरवू नका. कान गार लागत असतील तर टॉवेलमध्ये गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली कापडात बांधून शेजारी ठेवा, टोपलीत खाली हरळी अंथरा आणि निघा. रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी निघा.